'सगळे वाण' निवडलं की केळीच्या पावत्या गळतात, आणि रिपोर्टही रखडतो

रावेरकर:
नमस्कार मंडळी. एका केळी व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, एसक्यूएल सर्व्हर 2019 वर. रिपोर्टला चार फिल्टर: गाव, वाण, बाग (मृग की कांदे, म्हणजे लागवडीचा हंगाम) आणि तारीख. चारही ऐच्छिक. अट अशी आहे:

व्हेअर वाण = कोअलेस(@वाण, वाण)

म्हणजे वाण निवडला नाही, @वाण नल (रिकामा) आला, तर पावतीवरच्या वाणाची त्याच्याशीच तुलना. 'सगळे वाण' ठेवलं की क्विंटलची बेरीज मुनीमजींच्या वहीपेक्षा कमी भरते. नुसतं 'सावदा' निवडलं तरी चक्र फिरत बसतं, गावावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असून. प्रत्येक जोडणीला वेगळी क्वेरी लिहायची तर सोळा होतात. काय करावं?

तापीकाठ:
ज्या पावत्यांवर वाण लिहिलेलाच नाही त्या गळताहेत. तिथे तुलना 'नल बरोबर नल' होते, आणि एसक्यूएलमध्ये ती खरी ठरत नाही. (@वाण इज नल ऑर वाण = @वाण) करा. कंस टाकाच, पुढे बाकीच्या अटी अँडनं जोडलेल्या आहेत.

भुसावळ_जंक्शन:
बेरीज जुळेल, पण रखडणं त्यानं जायचं नाही. सर्व्हर प्लॅन (डेटा कसा शोधायचा त्याची आखणी) एकदा बनवून ठेवतो आणि पुढे तोच वापरतो. आज @गाव 'सावदा' आहे, उद्या नल येईल; दोन्हीला चालेल असाच प्लॅन हवा, म्हणून इंडेक्समध्ये थेट सावद्यावर न जाता तो सगळंच चाळत बसतो.

क्वेरीच्या शेवटी ऑप्शन (रीकम्पाइल) लावा. मग दर वेळी आलेल्या व्हॅल्यू पाहून प्लॅन बनतो आणि नल फिल्टरच्या अटी उडूनच जातात. कम्पाइलचा खर्च दर वेळी पडतो खरा, पण मुनीमजी दिवसातून किती वेळा रिपोर्ट काढणार? अहो, त्यानं सर्व्हरला घामही येत नाही.

हीच क्वेरी सेकंदाला शंभरदा चालत असती तर मी डायनॅमिक एसक्यूएल केलं असतं. निवडलेल्या फिल्टरच्याच अटी जोडायच्या आणि एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला (अशी क्वेरी चालवणारी सर्व्हरची प्रोसिजर) द्यायच्या. सोळा क्वेरी हातानं लिहायच्या नाहीत. जी जोडणी वापरली जाईल तिचाच प्लॅन बनतो. व्हॅल्यू मात्र पॅरामीटरनंच पाठवा. गावाचं नाव स्ट्रिंगमध्ये चिकटवलंत की एसक्यूएल इंजेक्शनला (कुणी आपली क्वेरी आत घुसवण्याला) दार सताड उघडं.

खरी गोम अजून पुढे आहे भाऊ. 'वाण निवडला नाही' आणि 'पावतीवर वाण नाही' या दोन्हींना तुमच्याकडे नलच. उद्या मुनीमजी म्हणाले, बिनवाणाच्या पावत्याच काढून द्या, भरून टाकतो, तर? ड्रॉपडाउनमध्ये 'वाण न नोंदलेला' हा वेगळा पर्याय द्या, त्याला वेगळा पॅरामीटर ठेवा आणि तिथे वाण इज नल अशी अट लावा.

रावेरकर:
रीकम्पाइल लावलं, सावदा लगेच आलं. बेरीजही वहीशी जुळली. मुनीमजींना आता श्रीमंती आणि ग्रँड नैन हे दोन वाण एकत्र पाहिजेत!

भुसावळ_जंक्शन:
मागणारच ते. यादी स्वल्पविरामानं जोडून पाठवा आणि स्ट्रिंग_स्प्लिटनं फोडा, 2016 पासून आहे. डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते) 130 किंवा वर आहे ना, तेवढं आधी बघा.