पौषात दहा दिवस मोकळे आहेत: वाळूच्या टेकड्या की लाल दरी? फोटोसाठी सल्ला हवा

रेणाकाठ
नमस्कार मंडळी. लातुरात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साखरपुडे आणि आता ते प्री-वेडिंग. बारा वर्षं नुसते माणसांचे फोटो काढतोय. एकदा तरी अशा जागी जायचंय जिथं कॅमेऱ्यासमोरून कुणी “भैय्या, पोट दिसतंय का?” असं विचारणार नाही.

पौषात लग्नं नसतात. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, झाली, भज्जी-आंबील पोटात गेली की दुसऱ्या दिवशी निघायला मोकळा. डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. दुसरी, ती खोल लाल दरी असते ना, कॅन्यन म्हणतात ती. दोन्ही एकाच फेरीत जमतील का? बजेट तीसेक हजार, सोबत एक मित्र. दोन फुलफ्रेम बॉडी (म्हणजे लेन्सशिवाय नुसते कॅमेरे), २४-७० आणि लांबचं टिपणारी ७०-२०० अशा दोन लेन्स, आणि ड्रोन आहे. १६-३५ ही वाइड लेन्स मागून आणीन. टूरवाले काय सांगतात ते ऐकून झालंय, जाऊन आलेल्यांनी सांगा.

हुरडाबहाद्दर
ऐन हुरड्याच्या दिवसांत लातूर सोडून वाळू खायला निघालात! वाळूच बघायची तर रात्री मांजरा नदीच्या पात्रात जा की, चोरून नेणाऱ्या हायवा ट्रकसकट दिसेल. फ्लॅश तेवढा मारू नका.

तेरणेचा_पोऱ्या
😂 हे बरोबर आहे.

रेणाकाठ दादा, दोन्ही एका फेरीत करू नका. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला आणि आपली म्हणावी अशी लाल दरी, गंडीकोटा, आंध्रात. सगळे दहा दिवस रेल्वेत जातील. दोन्ही जवळजवळ बघायचं तर लडाखात नुब्राला हुंदरची वाळू आहे, दोन वशिंडांचे उंट आहेत आणि रस्ताभर दऱ्याच दऱ्या. पण तिथं पौषात जाऊ नये. बॅटरीच्या आधी माणूस बंद पडेल.

मी जैसलमेरला दोनदा गेलोय, त्यातली पहिली वारी वाया गेली. सगळ्यांसारखं सम नावाचं गाव गाठलं. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, डांबरी रस्ता थेट वाळूपर्यंत. संध्याकाळी उंट, जीपगाड्या, चहावाले, आणि तंबूंकडून डीजे. टेकडीच्या धारेवर एवढी पावलं उमटलेली की आपल्याकडं बैलबाजार उठल्यावर मैदान दिसतं तसं दिसत होतं. मला वाटलं, रात्री वारं सुटेल आणि सकाळी सगळं कोरं होईल. नाही झालं! उन्हाळ्यात तिकडं आंधी सुटते, तेव्हा पावलं पुसतात. थंडीत वारा मंद असतो, कालच्या चपला आज तशाच.

दुसऱ्या वेळी खुरीला राहिलो. तेही जैसलमेरपासून तेवढंच लांब, पण नैऋत्येला. लहान गाव आहे, गर्दी कमी. तीन रात्री एकाच घरी काढल्या. पहिल्या दिवशी कॅमेरा न काढता दुपारी नुसता चालत फिरलो, कुठली धार कुणीकडं वळते ते बघून ठेवलं. पहाटे अंधारात त्याच वाटेनं गेलो. तुम्हाला सांगण्यासारखी खरी गोष्ट एवढीच आहे. एक गाव धरा आणि तिथंच राहा. पाच दिवसांत पाच ठिकाणं करणाऱ्याला वाळू पाठ दाखवते.

जानेवारीत तिकडं सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा. म्हणून झोप बरी मिळते, पण पहाटे थंडी सात-आठ अंशांवर उतरते. जास्तीच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायच्या.

दख्खनी_दगड
मी संभाजीनगरला भूगोल शिकवतो, त्यामुळे माझं मत दरीकडं झुकणार हे आधीच सांगतो.

आपण मराठवाड्यातली माणसं काळ्या दगडात वाढलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, घरं त्याची, किल्ले त्याचे, लेणीही त्यातच कोरलेली. गंडीकोट्याचा खडक याहून कितीतरी जुना आहे. कडप्पा खोऱ्यातला क्वार्टझाइट, वाळूचाच दगड झालेला. पेन्ना नदीनं तो कापत नेला, आणि कड्यावर लाल चौकोनी शिळा कुणी ठोकळे रचावेत तशा एकावर एक उभ्या आहेत. थोडक्यात, तुम्हाला हवी ती वाळू तिथंही आहे, फक्त दगड होऊन बसलीय.

लातूरहून स्वतःची गाडी असेल तर बीदर, हैदराबाद, कर्नूल, जम्मलमडुगू. हैदराबादपासून पुढंच साडेतीनशेच्या वर किलोमीटर आहेत, तेव्हा हैदराबादेत मुक्काम करा. रेल्वेनं जायचं तर सोलापूरहून चेन्नईकडच्या मार्गावर मुद्दनूर स्टेशन जवळचं, पण सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत. कडप्पाला उतरणं सोपं. किल्ल्यात जामा मशीद, धान्याचं कोठार, माधवराय मंदिर सगळं चालत फिरण्याच्या अंतरात आहे. मशिदीच्या मागनं कड्यावर जायचं. तिथं कठडा नाही. फोटो बघत बघत मागं सरकायची सवय असेल तर ती घरी ठेवून या.

सूर्य उगवला की पहिल्यांदा फक्त वरचा कडा पेटतो, तळ काळाच राहतो. दोन्ही एका फोटोत धरायला गेलात तर वरचं जळतं नाहीतर खालचं बुडतं. तीन वेगवेगळ्या एक्सपोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे, फोटो घेऊन घरी जोडा, नाहीतर सरळ ७०-२०० लावून नुसता उजेडातला कडा उचला. मला दुसरं जास्त आवडतं. आणखी एक, ऊन समोरच्या भिंतीवर पडलं की त्याची तांबूस झाक सावलीतल्या भिंतीवर येते. लोक तोपर्यंत इडली खायला गेलेले असतात.

संक्रांतीचे तीन-चार दिवस मात्र टाळा. सुट्टीला सगळा आंध्र बाहेर पडतो. घरच्यांना न्यायचं असेल तर तिरुपतीला जाताना वाटेत गंडीकोटा आणि बेलमची गुहा बसते. बायको देवाला, तुम्ही दरीला, कुणाचीच तक्रार नाही.

बिंदुसरा_काकू
मी बीडची, मुलगा अमेरिकेत अॅरिझोनात असतो. त्याच्याकडं गेले तेव्हा अँटिलोप कॅन्यन पाहिली. तुमच्या बजेटात नाही बसायची, पण सगळे त्या फोटोंवरूनच स्वप्नं बघतात म्हणून लिहिते. ती जागा नवाजो लोकांच्या जमिनीवर आहे. त्यांच्या गाईडशिवाय आत जाता येत नाही आणि ट्रायपॉड चालत नाही. वरून उजेडाचा खांब उतरताना दिसतो तो उन्हाळ्यात, भर दुपारच्या सुमाराला. मागून पुढची टोळी येतच असते. माझ्या फोनमधल्या चाळीस फोटोंत पस्तीस ठिकाणी कुणाची तरी टोपी आहे.

मुलानं तिथं जी गोष्ट सांगितली ती ध्यानात राहिली. १२ ऑगस्ट १९९७ ला खालच्या कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. डोक्यावर पाऊस नव्हता. तो पडला होता लांब वरच्या अंगाला, आणि पाणी त्या चिंचोळ्या फटीतून भिंतीसारखं आलं. म्हणून सांगते बाळा, फोटोच्या नादात आपल्याकडच्या सांदण दरीत पावसाळ्यात कुणी उतरू नका. आकाश निळं आहे, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

रेणाकाठ
काकू, धन्यवाद. अंगावर काटा आला.

गंडीकोटा घरच्यांसोबत तिरुपतीच्या वेळी करीन, ते डोक्यात बसलं. या पौषात खुरी. आता तांत्रिक विचारतो. वाळूत कॅमेऱ्याचं काय होतं? ड्रोन न्यायचा का? आणि ट्रायपॉड लग्नात व्हिडिओला वापरतो तो जड आहे, तोच चालेल का?

तेरणेचा_पोऱ्या
ड्रोन घरी ठेवा. सीमेवरचा जिल्हा आहे, उगाच चौकीत बसून खुलासे करत बसाल.

वाळूचं म्हणाल तर माझी कथा ऐका. खुरीला दुसऱ्या सकाळी उजेड इतका भारी होता की धीर निघाला नाही. जॅकेटच्या आडोशाला २४-७० काढली आणि मोठी लेन्स लावायला गेलो. दहा सेकंदं लागली असतील. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली, गालावर बारीक टोचल्यासारखं झालं. मग काही नाही. दुपारी झूमची रिंग फिरवली तर आतून ‘खर्र’ आवाज, जात्यात खडा आल्यासारखा. परत आल्यावर दुरुस्तीवाल्यानं लेन्स महिनाभर ठेवून घेतली, आणि बिल देताना तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

तुमच्याकडं दोन बॉडी आहेत, म्हणजे जिंकलात. एकीला २४-७०, दुसरीला ७०-२००, आणि गावातल्या खोलीत येईपर्यंत दोन्ही काढायच्या नाहीत. १६-३५ मागून आणू नका. नवा माणूस वाळूत वाइड लेन्सच लावतो, आणि टेकड्या लहान होऊन मागं पळतात. तिथल्या टेकड्या उंचीला काही फार नाहीत. लांबून ७०-२०० नं धारेवर धार चढवली की मग फोटोत वाळवंट दिसतं. काचेवर वाळू बसली तर आधी हवा मारायच्या रबरी फुग्यानं उडवायची, फडकं नंतर. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

दख्खनी_दगड
एक्सपोजरचं मी सांगतो, हे त्यांना लगेच कळेल. नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात असला की ऑटोवर सदरा करडा येतो ना? वाळूचंही तेच. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजळ वाळूला दाबतो, फोटो काळपट येतो. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वर ठेवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत राहा. आपल्या काळ्या दगडावर याच्या उलटं करावं लागतं. सराव करायचा तर जायच्या आधी एक सकाळ अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवर काढा. वाघूर नदीचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा वळसा वरून पूर्ण दिसतो. लेणी बघायला सगळे जातात, तो वळसा बघायला थांबतात थोडे.

आणि ऊन तिरपं असेल तेवढा वेळच वाळूवरच्या लाटा दिसतात. सूर्य वर चढला की सगळं सपाट. दहानंतर कॅमेरा पिशवीत.

हुरडाबहाद्दर
दहानंतर काय करायचं मग?

तेरणेचा_पोऱ्या
झोपायचं. नाहीतर आकल. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आहे, दगड झालेली ज्युरासिक काळातली झाडं पडलीत. किंवा कुलधरा, ते ओस पडलेलं गाव. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला पैसे देऊ नका, भिंतींवरचं ऊन बघा.

एक राहिलंच. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी निघताय म्हणजे चंद्राची कोरसुद्धा नसेल. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत चंद्र लवकर मावळतो. जेवण झालं की तंबूच्या दिव्यांपासून लांब जाऊन पूर्वेकडं बघा, मृग आणि त्याच्या खाली व्याध. त्यासाठी हवा तर ट्रायपॉड न्या.

रेणाकाठ
ट्रॅव्हल्सनं पुणे, तिथून जोधपूरची रेल्वे, असं बुकिंग केलं. खुरीला चार रात्री. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आत्तापासूनच काढलीय. मित्र म्हणतोय एक दिवस समला डीजे ऐकायला जाऊ, त्याला बघतो.

ट्रायपॉडचं पक्कं सांगा, जडच नेऊ का?

तेरणेचा_पोऱ्या
न्या. पायाचा सर्वात खालचा टप्पा आधी वीतभर उघडा, म्हणजे त्याचा खटका वाळूच्या वर राहतो. पायांना जुने मोजे चढवा. घरी आल्यावर पाय सुटे करून धुवा, अंगणात धुवा. मी मोरीत धुतले होते, आठवडाभर बोलणी खाल्ली.