'ॲक्सेसिबल'ला सुलभ म्हणावं, सुगम्य, की आणखी काही?

पाटीवाला: एका सार्वजनिक इमारतीच्या पाट्या मराठीत करायच्या आहेत. 'ॲक्सेसिबल एंट्रन्स', म्हणजे व्हीलचेअरवाल्यांनाही सहज आत जाता येईल असं दार, त्याला 'सुलभ प्रवेशद्वार' लिहिलं, ते खपलं. घोडं अडलं 'ॲक्सेसिबल टॉयलेट'पाशी. 'सुलभ शौचालय' वाचलं की माणूस खिशात सुटे पैसे चाचपतो. कुणीतरी 'सुगम्य' सुचवलंय, पण मला ते हिंदी वाटतं. काय लिहू?

अनुस्वार: वाटतं काय, हिंदीतूनच आलंय. २०१५ साली 'सुगम्य भारत अभियान' निघालं आणि शब्द सरकारी कागदांतून इकडे पसरला. सुकर-दुष्कर, सुलभ-दुर्लभ, सुगम-दुर्गम हे एकाच साच्यातले शब्द, पाणिनीने त्यासाठी 'खल्' प्रत्यय सांगितलाय. 'सहज जाता येईल असं' हा अर्थ 'सुगम'मध्येच आला. वर आणखी 'य' कशाला?

रेघोटी: 'सुगम' म्हटलं की पुढे 'संगीत' ऐकू येतं, त्याचं काय? स्वच्छतागृहाच्या दारावर तर नकोच.

अनुस्वार: तो कानाचा दोष, शब्दाचा नाही.

चाकावरचा: मी व्हीलचेअर वापरतो. सुगम लिहा नाहीतर सुगम्य, आत काय आहे ते मला कळत नाही. दार ९० सेंटिमीटर तरी रुंद हवं, आत खुर्ची वळायला साधारण दीड मीटरची मोकळी जागा हवी, कमोडशेजारी धरायला दांडा हवा. यातलं काहीही नसलं तरी पाटी तीच. कधी दार उघडावं तर आत बादल्या आणि खराटे. त्यापेक्षा 'व्हीलचेअर आत वळते' एवढंच लिहा की.

अनुस्वार: अहो, ते वाक्य झालं. परिभाषेला शब्द लागतो.

चाकावरचा: परिभाषेला लागत असेल. मला स्वच्छतागृह लागतं.

पिवळी पट्टी: शिवाय व्हीलचेअर म्हणजेच सगळं नव्हे. माझी दृष्टी अधू आहे. 'टॅक्टाइल पेव्हिंग'ला, म्हणजे अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या खडबडीत पिवळ्या फरशीला, एका अहवालात 'स्पर्शसंवेदी फरसबंदी' केलंय! स्पर्श फोनच्या पडद्याला कळतो. फरशीला कसला कळतोय? तो माझ्या तळपायाला आणि काठीला कळतो. 'उठावाची फरशी' म्हणा. रेघांची असेल तर चालत राहा, ठिपक्यांची असेल तर थांबा, पुढे काहीतरी आहे. १९६५ साली जपानच्या सेइची मियाके यांनी ही युक्ती काढली. आणि पिवळा रंग शोभेचा नाही. थोडंफार दिसणाऱ्यांना तो वेगळा उठून दिसतो. सुशोभीकरणवाले नेमके तीच फरशी करड्या रंगाची बसवतात.

रेघोटी: 'उठावाची' छान! पण 'उठाव' म्हटलं की मला १८५७ आठवतं.

पाटीवाला: मंडळी, स्वच्छतागृह… 'दिव्यांग स्वच्छतागृह' चालेल का?

चाकावरचा: नको. माझं कुठलंही अंग दिव्य नाही.

अनुस्वार: अशा व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याच्या मराठी नावात 'दिव्यांग'च आहे. तुम्ही 'अपंग' म्हणणार का?

चाकावरचा: मी स्वतःला अपंग म्हणतो, दुसऱ्याने काय म्हणावं ते त्याचं त्याने ठरवावं. बाकी मराठीत 'दिव्य' म्हणजे अग्निदिव्यही. त्या अर्थाने पायऱ्या चढणं हे दिव्यच, मग शब्द चपखल आहे.

पिवळी पट्टी: आणि पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेला माणूस, आठ महिन्यांची गरोदर बाई? त्यांनी ती पाटी वाचून परत फिरायचं का? पाटी सोयीची असावी, माणसाची नको.

रेघोटी: तोवर 'रॅम्प'चंही बघा. वर जाताना चढ, खाली येताना उतार. दोन बाजूंना दोन पाट्या?

चाकावरचा: १ फूट उंचीला १२ फूट लांबी असेल तर रॅम्प. त्याहून उभा असेल तर 'घसरगुंडी' लिहा, निदान खरं तरी होईल.

रेघोटी: आमची आजी 'चढण' म्हणायची. उतरायलाही चढणच.

अनुस्वार: म्हणजे 'ती' चढण आणि 'तो' रॅम्प. परवा एका निविदेत 'सदर रॅम्प तुटलेली आहे' वाचलं. आधी याच्यावर बोला.