एसएम७बी: गेन पूर्ण फिरवूनही आवाज बारीक, मागे हिस

घोडबंदर_वाचक
ठाण्यात घोडबंदर रोडकडे खिडकी असलेल्या खोलीत ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग चालू आहे. माइक शुअर एसएम७बी (डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि कॉइलवर चालणारा), तोंडापासून वीतभर लांब. इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, जास्तीत जास्त ५६ डेसिबल. तो पूर्ण फिरवला तरी मीटर सरासरी उणे ३० डेसिबलच्या आसपासच राहतो (शून्य म्हणजे कमाल पातळी). नंतर आवाज वाढवला की हिस (मागची सूं-सूं) आणि ट्रकची घरघर दोन्ही वर येतात. बूस्टर (माइकचा सिग्नल आधीच वाढवणारी छोटी डबी) घ्यावा की माइकच बदलावा?

नेरुळ_ध्वनी
आधी अंतर बघा, खरेदीचं नंतर. या माइकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आवाजाला किती सिग्नल देतो ते, कमी आहे: उणे ५९ डीबीव्ही, म्हणजे १ पास्कल ध्वनिदाबाला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट. बोलण्यासाठी त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो. पण अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल मिळतात. वीतभरावरून तीन बोटांवर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर आलात तर १२. तेही हिस न वाढता, आणि ट्रकचा आवाज तुमच्या आवाजाच्या तुलनेत तेवढाच खाली जातो.

इतक्या जवळून खर्ज फुगतो. माइकच्या मागचा बास रोल-ऑफ (खर्ज कमी करणारा) स्विच छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने चालू करा. प, फ, भ फुटत असतील तर माइक तोंडासमोर न ठेवता थोडा तिरका धरा. पेटीत आलेला जाड फोम लावा.

कोपरी_मिक्सर
डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज घेतच नाही, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. आपण जवळून बोलतो आणि लांबून बोलण्यापेक्षा गेन कमी लागतो, म्हणून बाहेरचं कमी ऐकू येतं. हा कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतो, तेव्हा माइकची पाठ खिडकीकडे करा. मग तुमचं तोंड खिडकीकडे येईल आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकमध्ये शिरेल. तिथे जाड गोधडी टांगा किंवा कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. ट्रकची खालची घरघर मात्र पाठ फिरवून जात नाही, त्याला ८० हर्ट्झचा लो-कटच (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) हवा.

बूस्टर साधारण २५ डेसिबल देतो. माइक, मग बूस्टर, मग इंटरफेस असा जोडा आणि इंटरफेसचं ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच जाणारी वीज) चालू ठेवा. ती वीज बूस्टरच वापरतो. फँटम चालू करताना गेन आणि हेडफोन खाली. इंटरफेसचा प्रीॲम्प (आतला सिग्नल वाढवणारा भाग) गेनच्या शेवटच्या टप्प्यात हिस करत असेल तरच बूस्टरचा फायदा. खोलीतला आवाज तो तितकाच वाढवतो.

घोडबंदर_वाचक
तीन बोटांवर आणला, मीटर सरासरी उणे १८ला आला. हिस आता फक्त शांततेत कळतो. पण एक बारीक गूं राहिली आहे.

नेरुळ_ध्वनी
लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गूं गेली तर ती चार्जरच्या वाटेने येते आहे. तरीही राहिली तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा. माइक जागच्या जागी फिरवल्यावर गूं कमी-जास्त होत असेल तर जवळच्या एखाद्या ॲडॅप्टरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या कॉइलमध्ये घुसतं आहे, तो ॲडॅप्टर मीटरभर लांब न्या. बूस्टर तूर्त नको.