धारावी: मसुदा यादीवर हरकत घेतली तर योजना मान्य केल्यासारखं होतं का?

साठफुटी_गल्ली:
नमस्कार. धारावी पुनर्विकासात परिशिष्ट-२ च्या, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांच्या, मसुदा याद्या टप्प्याटप्प्याने लागतायत आणि गल्लीत दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, ५०० चौरस फूट आणि सगळ्यांना धारावीतच घर हे लेखी मिळेपर्यंत एकही कागद द्यायचा नाही, हरकतसुद्धा घ्यायची नाही. हरकत घेतली की योजना मानली असं होईल. दुसरी बाजू म्हणते, यादीतून नाव गेलं तर मग भांडणार कशाच्या जोरावर? गल्लीत जुने तळमजले आहेत, २००० नंतरचे आहेत, वरचे मजलेही बरेच आहेत. काहींनी सर्वेक्षणात कागद दिलेच नाहीत. विरोध सोडायचा नाही, पण घरही जाऊ द्यायचं नाही. काय करावं?

परिशिष्ट_वाचक:
हरकत म्हणजे संमती नव्हे. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: ‘योजनेबाबतच्या आमच्या सर्व मागण्या व कायदेशीर हक्क राखून ही हरकत केवळ पात्रतेच्या नोंदीपुरती घेत आहोत.’ दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेली पोच पुढे कामी येईलच असं नाही.

कागद रोखून दबाव येईल ही समजूत कशी झाली ते कळतं. नेहमीच्या झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत विकासकाला रहिवाशांची संमती लागते, त्यामुळे तिथे सही न देणं हेच मोठं हत्यार असतं. धारावीत संमतीची अटच ठेवलेली नाही. म्हणजे तुम्ही सही रोखलीत तरी त्यांचं काही अडत नाही. सर्वेक्षण १८ मार्च २०२४ ला कमला रमण नगरमधून सुरू झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटची मुदतही जाहीर झाली. ज्यांचे कागद गेले नाहीत त्यांनी आता वाट पाहू नये. घरावर रंगवलेला क्रमांक, त्याचा फोटो आणि असतील ते पुरावे जोडून लेखी अर्ज द्यावा. क्रमांकच पडला नसेल तर आधी तीच तक्रार करा, कारण क्रमांक नाही तर यादीत ओळच नाही.

तिन्ही प्रकारच्या घरांची लढाई वेगळी आहे. तळमजला १ जानेवारी २००० पूर्वीचा असेल तर धारावीत ३५० चौरस फूट, मोफत. २००० ते १ जानेवारी २०११ या काळातला असेल तर धारावीबाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाख भरून. त्यानंतरचे तळमजले आणि सगळे वरचे मजले, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे, यांना बाहेर भाड्याचं घर, हप्त्यांनी मालकीचं करण्याच्या पर्यायासह. आता यातली मेख बघा. जुन्या तळमजल्याला नुसतं ‘२००० नंतर’ गटात टाकलं की माणूस ‘पात्र’च राहतो, पण धारावीबाहेर जातो. म्हणून यादीत ‘पात्र’ शब्द बघून घरी जाऊ नका. कोणत्या गटात पात्र, वापर निवासी की व्यावसायिक की दोन्ही, क्षेत्रफळ किती, नाव बरोबर आहे का, हे सगळं वाचा.

साठफुटी_गल्ली:
फार उपयोगी. अडचण अशी की जुन्या मतदार यादीत चाळीचं नाव आणि खोली क्रमांक आहे, आताच्या सर्वेक्षणाचा क्रमांक वेगळाच. ‘पत्ता जुळत नाही’ म्हणून नावं अडकतायत.

परिशिष्ट_वाचक:
सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात. एका कागदाने जुळणार नाही, साखळी लावावी लागते. मतदार नोंदणी कार्यालयातून १ जानेवारी २००० च्या यादीचा प्रमाणित उतारा घ्या, त्यात भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसला पाहिजे. झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका. १९७६ च्या गणनेचा फोटोपास असेल तर तो सोन्यासारखा जपा, मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका. मग बेस्टच्या बिलाचा ग्राहक क्रमांक. मीटर जुना असेल तर जोडणी कधी दिली याची माहिती बेस्टकडून लेखी मागा. जुना पत्ता आणि आजचं घर यांच्यातला दुवा बहुतेक वेळा मीटरच ठरतो. मूळ माणूस वारला असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचं शपथपत्र. खोली विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा २००० पूर्वीचा पुरावा, त्याच्यापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार आणि तुमचा आजचा ताबा. मधला एक करार जरी गहाळ असला तरी तिथेच बोट ठेवतात.

वरच्या मजल्यांना वेगळं वीज बिल किंवा भाडेकरार नसेल तर खालच्या मालकाचं शपथपत्र लागतं, आणि मालक ते देत नाही. आपल्या क्षेत्रफळावर हक्क सांगतील ही त्याची भीती. ती निराधार आहे, तळमजल्याचा हक्क त्याने कमी होत नाही. गल्लीच्या बैठकीत मालक आणि वरचे लोक समोरासमोर बसवून हे समजावा.

कुंभारवाडा_भट्टी:
वरचं सगळं बरोबर, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नुसत्या हरकतींत गुंतलो तर लढा एकेका घराचा होतो, आणि सरकारला तेच सोयीचं. झोपु योजनेत ३०० चौरस फूट मिळतात, धारावीत ३५० म्हणजे उपकार केल्याची भाषा चालते. बीडीडी चाळींना त्याच मुंबईत ५०० दिले, मग धारावीला का नाही, हा प्रश्न एकत्रच विचारावा लागेल.

धंद्यांचं तर कोणी बोलतच नाही. व्यावसायिक गाळ्याला २२५ चौरस फूट मोफत. कुंभाराचं काम त्यात कसं मावेल? माती मळायला जागा, चाक, माल वाळवायला ऊन लागणारं अंगण, आणि भट्टी, जी सामायिक असते आणि कुणा एकाच्या नावावर मोजली जात नाही. तेरा कंपाऊंडमध्ये भंगार वेगळं करायला ट्रकच्या दारापाशी तळमजलाच लागतो. म्हणून वापराच्या रकान्यात घर आणि कारखाना दोन्ही नोंदवून घ्या. गुमास्ता परवाना, विजेचा मंजूर भार आणि कामाच्या जागेची स्वतः काढलेली मापं जोडा. सामायिक अंगण आणि भट्टीचा नकाशा सगळ्यांच्या सह्यांनी वेगळा द्या. आज मोजणीत नसलेली जागा उद्या आराखड्यात येणार नाही.

मुलुंड_पूर्व:
आम्ही दुसऱ्या टोकाला आहोत. मुलुंड, कांजूरमार्ग, भांडुपच्या मिठागरांची २५५.९ एकर, देवनार कचराभूमीची १२४ एकर, शिवाय मालवणी आणि कुर्ल्याची मदर डेअरीची जागा, एवढ्या जमिनी यासाठी काढल्या आहेत. आमचा विरोध धारावीच्या माणसांना नाही. त्यांना घर-धंदा सोडून कचऱ्याच्या डोंगरावर पाठवण्याला आहे. दोन्हीकडची मागणी एकच निघते: धारावीत किती जणांचं पुनर्वसन बसतं, त्याचा हिशेब दाखवा.

तो माहिती अधिकारात मागा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात हे आहे आणि याच कारणावरून अर्ज परत येतात. ‘योजना योग्य आहे का’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, दस्तऐवज मागा: विभागवार पात्र-अपात्र तक्ता, पुनर्वसन आणि विक्रीच्या इमारतींचं बांधकाम क्षेत्र, बाहेरच्या जमिनींचे हस्तांतरण आदेश. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. प्रकल्प कंपनीत सरकारचा वाटा २० टक्के आहे. कंपनी माहिती नाकारेल असं वाटलं तर अर्ज धारावी पुनर्विकास प्रकल्प प्राधिकरणाकडे करा, ते सरकारी कार्यालय आहे.

परिशिष्ट_वाचक:
कुंभारवाड्याच्या मुद्द्याला पूर्ण सहमत, सामायिक जागेचं माझ्या उत्तरात राहून गेलं होतं. साठफुटी, एवढं लगेच करा: गल्लीची एक वही घाला. घर क्रमांक, मजला, गट, हरकत दिल्याची तारीख, आवक क्रमांक. अपात्रतेचा आदेश आला तर तो कारणांसह लेखीच घ्या, तोंडी ऐकून परत फिरू नका. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं ते आदेशावरच बघा, आणि ते दिवस आदेश हातात पडल्याच्या तारखेपासून मोजा. म्हणून लिफाफ्यावरची तारीखसुद्धा जपून ठेवा.