पुसता न आलेला सेव्ह : अनुभव धागा

गेल्या महिन्यात डोंबिवलीचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या खोक्यात प्लेस्टेशन २ चं मेमरी कार्ड सापडलं. आठ एमबी. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो त्यात मावतील. कन्सोल केव्हाच भंगारात गेला होता. ओळखीच्या एकाकडून जुना मागून आणला, कार्ड लावलं, आणि ते चाललं.

त्यावर ‘स्मॅकडाउन : हिअर कम्स द पेन’ या कुस्तीच्या गेमचा सेव्ह होता, म्हणजे जिथवर खेळलो ते साठवून ठेवलेलं. गेम २००३ चा. त्यात आपला स्वतःचा पैलवान बनवता येतो. उंची, नाक, केस, रिंगकडे येतानाची चाल, सगळं आपण ठरवायचं. २००५ च्या मेच्या सुट्टीत मी आणि धाकट्या भावाने बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या पोरांचे पैलवान केले होते. जो तो शेजारी बसून स्वतःचं नाक ठरवून घ्यायचा. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा मित्र सगळ्यांत बुटका, त्याने हट्टाने सगळ्यांत उंच पैलवान करून घेतला होता. २०११ साली लोकलमधून पडून तो गेला. कार्डावर तो अजून आहे. मी त्याला निवडलं, तो हात वर करून रिंगपर्यंत चालत आला. तेवढं पूर्ण पाहिलं. मॅच खेळलो नाही.

पूर्वी कार्ड भरलं की कुणाचा तरी गेम पुसावा लागायचा आणि त्यावरून आम्हा भावांची मारामारी व्हायची. ही फाइल मात्र दोघांनीही कधी पुसली नाही. भाऊ आता जर्मनीत असतो. त्याला स्क्रीनचा फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन आला.

तुमच्याकडे आहे का असा एखादा सेव्ह? कन्सोलवरचा, कॉम्प्युटरवरचा, मोबाइलवरचा, कुठलाही. उरला नसेल तर तेही सांगा. लहान-मोठं कसंही लिहा.

औसा, जि. लातूर

तुमच्याकडे कार्ड तरी होतं. आमच्या गेममध्ये सेव्ह हा प्रकारच नव्हता. टीव्हीला जोडायचा स्वस्तातला डबा, पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’ छापलेलं आणि आत फिरून फिरून तेच वीस-पंचवीस गेम. डबा बंद झाला की सगळं पहिल्यापासून.

आणि तो बंद करायला आमची गरज नसायची. २००५-०६ सालचं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना कळेल. मारिओचे आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार टप्पे. बत्तीस टप्पे एका बैठकीत संपवायचे तर तेवढा वेळ लाइट नको का राहायला? ताई तेव्हा नववीत होती. तिने भूमितीच्या वहीची मागची पानं त्यासाठी काढली. १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या टप्प्यात, छतावरून चालत गेलं की शेवटी पाइप लागतात, तिथून थेट चौथ्या वर्ल्डात. ४-२ मध्ये कुठल्या विटेला डोकं मारलं की वेल उगवते, तिच्यावरून चढून थेट आठव्यात. असं केलं की बत्तीसचे आठच टप्पे उरतात. शेवटच्या ८-४ मध्ये चुकीच्या वाटेने गेलं की तोच रस्ता पुन्हा समोर येतो. त्याचा पूर्ण नकाशा तिने पाइपांना आकडे देऊन काढला होता. लाइट गेली की कंदील लावायचा आणि त्या दिवशी जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवायचं. मी नुसता सांगायचा, अक्षर तिचं.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी राजकन्या सुटली. आम्ही दोघं ओरडलो म्हणून आई चुलीपासून उठून आली. ताई आता गणित शिकवते. वही माझ्याकडे आहे. माझा सेव्ह तोच.

तासगाव, सध्या पुणे

माझा सेव्ह ‘स्टारड्यू व्हॅली’चा. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर जायचं, नांगरायचं, पेरायचं, गावातल्या माणसांशी ओळखी करायच्या, असा तो खेळ. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त खपून तो केला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २०१६ ला आला.

मी तो सुरू केला २०१९ च्या दिवाळीत. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटायलाच तयार नव्हता. आमच्या बागेची छाटणी होऊन फुलोरा आलेला, आणि फुलोऱ्यातच घड कुजायला लागले. वरून डावणी रोग. आबा दिवसातून दोनदा औषध मारायचे आणि तासाभरात ते धुऊन जायचं. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी सुट्टीवर आलेली, मला काही करता येत नव्हतं, म्हणून रात्री लॅपटॉप घेऊन सोप्यात बसायची. एका रात्री आबा मागे येऊन उभे राहिले.

“हे काय लावलंयस?”

“द्राक्षं, आबा.”

त्या खेळात द्राक्षं शरद ऋतूत लागतात. दहा दिवसांत घड, मग दर तीन दिवसांनी तोडा. आबांनी खुर्ची ओढली. छाटणी कधी घेतात? घेत नाहीत. भुरी पडते का? नाही. औषध? नाही. मग खेळातल्या टीव्हीवर मी दुसऱ्या दिवशीचं हवामान लावलं, तसे आबा पुढे वाकले. “आणि सांगतात तस्सा येतो पाऊस?” मी म्हटलं, हो, तस्साच. ते बराच वेळ त्या टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एवढं एक इथं मिळालं असतं तर बाकीचं आम्ही बघितलं असतं.”

त्या रात्रीपासून ते शेत आम्हा दोघांचं आहे. कुठे काय लावायचं ते आबा सांगतात, मी लावते. फोनवर पहिल्यांदा आईची चौकशी होते, मग ‘आपल्या त्या शेतात’ काय चाललंय याची. २०२४ मध्ये खेळात फळं सुकवायचं यंत्र आलं. पाच द्राक्षं घातली की रात्रीत एक बेदाणा. हे ऐकून आबा इतके खूश झाले की विचारू नका. आमच्याकडे साधारण चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा पडतो. “पाचाला एक म्हणजे घट जरा जास्त धरलीय त्यानं,” म्हणाले, “पण माणसानं चौकशी केलेली दिसतीय.” बेदाण्याचं शेड बघितलेल्या माणसाकडून मिळालेली ही दाद बॅरोनपर्यंत पोचावी असं मला फार वाटतं.

त्यानंतर मी लॅपटॉप दोनदा बदलला. दोन्ही वेळा सगळ्यांत आधी हलवलं ते हे शेत.

मुलुंड

सायबर कॅफे, वीस रुपये तास, ‘व्हाइस सिटी’. सेव्ह करायला आठ जागा आणि खेळणारी पोरं पन्नास. रविवारी मी अर्ध्या शहराचा मालक असायचो, सोमवारी माझ्या जागेवर दुसऱ्याच कुणाचा तरी गेम. एकदा माझ्यावर सेव्ह करणारा मुलगा समोर सापडला. भांडायला गेलो आणि उरलेला तास दोघांनी मिळून खेळलो, एक मिशन त्याचं, एक माझं. पुढे तो माझ्या लग्नात वरातीपुढे नाचला. सेव्ह काही उरला नाही.

पुणे, सिंहगड रस्ता

‘राजी’ इथे किती जणांनी खेळलाय माहीत नाही. नॉडिंग हेड्स गेम्स या आपल्या पुण्यातल्या चमूने केलेला, २०२० ला आलेला. सर्कशीत काम करणारी एक पोर, असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागून पाहिली, ठरलेली रक्कम काही जमली नाही. पुढे संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन होतं. बाहेरच्या देशांतले लोक त्यातल्या भिंतीवरच्या चित्रांबद्दल भरभरून लिहीत होते आणि माझ्या वर्गात कुणाला हा खेळ माहीतही नव्हता. तेव्हा ठरवलं, मुंबईच्या कॉमिक कॉनला मी राजी होऊन जाणार. दरवर्षी सगळे जपानी आणि अमेरिकन पात्रं होऊन येतात. एखादी आपल्याकडची का नको?

आई घरी शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. तिला म्हटलं, असा पोशाख शिवायचाय. तिने विचारलं, “माप कुठाय?” मी टीव्हीवर खेळ लावला. आता, यात कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, तो लांबच राहतो. आई म्हणाली, हिला जवळ आण. येत नाही. बरं, पाठ दाखव. मग मी राजीला भिंतीवरून धावायला लावायचे, उड्या मारायला लावायचे, त्रिशूळ फिरवायला लावायचे, म्हणजे कापड कसं उडतं ते आईला दिसेल. तीन संध्याकाळी आम्ही खेळाच्या सुरुवातीच्या भागात त्याच अंगणात उड्या मारत होतो. आई डोळे बारीक करून मापं लिहून घेत होती. चौथ्या दिवशी म्हणाली, “कळलं. पण हिने चुणी इथे धरलीय ती चूक आहे, धावताना पायात येईल. मी वर धरते.” तिने वर धरली आणि दिवसभर मी एकदाही अडखळले नाही.

त्रिशूळ मी फोमचा कापला, हीट गनने वाकवला, वर सोनेरी रंग. पण लोक थांबून विचारत होते ते शिलाईबद्दल. आई बरोबर होती. दोघा-तिघांनी तिच्याबरोबरही फोटो काढले.

त्या अंगणातला सेव्ह मी पुढे नेलेला नाही. पूर्ण खेळ वेगळ्या जागेवर पहिल्यापासून खेळले.

म्हापसा

मामाने कुवेतहून गेमबॉयवरचा ‘पोकेमॉन सिल्व्हर’ आणलेला. त्या कॅसेटच्या आत एक छोटी गोल बॅटरी असते. सेव्ह आणि खेळातलं घड्याळ दोन्ही तिच्यावर चालतात. बॅटरी संपली की सगळं जातं. मला हे कळलं तेव्हा खेळातलं घड्याळ मागे पडायला लागलं होतं, म्हणून दुकानात बॅटरी बदलायला दिली. बदलताना सेव्ह आधी कॉम्प्युटरवर काढून घ्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. मोती नावाचा माझा टोटोडाइल, म्हणजे खेळातला मगरीसारखा प्राणी, आजीच्या कुत्र्याचं नाव दिलेला, एकशेवीस तास बरोबर असलेला, गेला.

ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांना कळकळीने सांगते : वाट पाहू नका. कॅसेट वाचायचं यंत्र मिळतं. आधी सेव्ह काढून ठेवा, मग नवी बॅटरी डाग देऊन बसवा, मग सेव्ह परत टाका. मी आता ओळखीच्यांना हे स्वतः करून देते. आतापर्यंत अकरा जणांचे वाचवलेत. आजीला मोती गेल्याचं सांगितलेलं नाही.

खटाव, जि. सातारा

आम्ही चौघं. पबजी. आमच्यातला एक भरती होऊन गेला, पण सुट्टीवर आला की रात्री चौघं एकत्र उतरायचो, नेहमी नकाशावरच्या पोचिंकी गावातच. २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले. त्या शेवटच्या रात्री तो ड्यूटीवर होता. आम्ही तिघंच उतरलो आणि चौथी जागा मोकळी ठेवली, अनोळखी माणूस घेतला नाही.

पुढच्या जुलैत बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा अवतार, आला. जुनं खातं त्यात हलवता येत होतं. आमची तिघांची आली. त्याचं गेस्ट खातं होतं, म्हणजे फेसबुक-गुगलला न जोडलेलं, ते नाही आलं. तो पुन्हा पहिल्या लेव्हलपासून आला तर आम्ही तिघांनीही नवीन खाती काढली. जुनी तशीच आहेत, उघडत नाही.

नागपूर

मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला खेळातलं फार कळत नाही, नातीने हे सगळं वाचून दाखवलं म्हणून लिहिते आहे. आमच्या यांना कँडी क्रशचा नाद होता. रिटायर झाल्यावर लागला. सकाळी चहाबरोबर बसायचे. त्यात पाच जीव असतात, संपले की अर्ध्या तासाने एक भरतो. जीव संपले की पेपर वाचायचे आणि मला विचारायचे, अर्धा तास झाला का गं? मी कुकरच्या शिट्ट्यांबरोबर तोही हिशोब ठेवायची.

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. फोन मी चार्ज करून ठेवते. कधीकधी त्यांचा खेळ उघडते. २,३१६ व्या लेव्हलवर आहेत. पाचही जीव भरलेले असतात. मी खेळत नाही, बघून बंद करते.

आता फोनची बॅटरी फुगली आहे. मुलगा म्हणतो, नवीन फोन घेऊन देतो, यात ठेवणं धोक्याचं आहे. माझं विचारणं एवढंच आहे की नवीन फोनमध्ये यांची लेव्हल येईल का?

धागाकर्ता

येईल, काकू. फक्त जुना फोन रिसेट करू नका आणि खेळ काढून टाकू नका. फुगलेली बॅटरी आता चार्जिंगला लावूही नका. आधी दुरुस्तीवाल्याकडून दुसरी बॅटरी बसवून घ्या, त्याने आतलं काही पुसलं जात नाही. तिथे उभं राहून करून घ्या आणि ‘रिसेट करू नका’ हे दोनदा सांगा. मग नातीला सांगा, इंटरनेट चालू ठेवून खेळ उघडायचा, सेटिंगमध्ये जायचं आणि ई-मेल देऊन खातं उघडायचं. खातं आधीपासून असेल तर तिथेच दिसेल. नवीन फोनमध्ये खेळ घेऊन त्याच ई-मेलने आत गेलं की लेव्हल दिसेल. नव्या फोनवर २,३१६ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुना फोन कुणालाही देऊ नका.

नातीला काही अडलं तर इथेच विचारा. मी रात्री साडेनऊनंतर मोकळा असतो.