मदत हवी आहे: एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपसाठी टिग वेल्डर
भोसरीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे, डेअरी पाइपिंगची कामं करतो. ३०४ ग्रेडचा, १.६ मिमी जाडीचा पाइप टिगने (टंगस्टन इलेक्ट्रोड आणि आर्गॉन वायू वापरून करायचं वेल्डिंग) जोडणारा कारागीर हवाय. पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडून वेल्ड मारता यायला हवा. नाहीतर जोडाच्या आतल्या बाजूला काळा, खरखरीत थर धरतो आणि पार्टी माल परत पाठवते. आयटीआयची पोरं बघितली, पण हात आर्क वेल्डिंगवरच बसलेला. ठेकेदाराची माणसं उचल घेतात आणि सणाला गावी गेली की फोन बंद! अप्रेंटिस योजना नका सुचवू, शिकवायला वेळ नाही. पीएफ, ईएसआय, राहायची खोली देतो. असे तयार वेल्डर कुठे मिळतात, आणि ट्रायलला नेमका कोणता जोड मारून घ्यावा?