मदत हवी आहे: बाबा काठावर, मी कयाकमध्ये. बास माशासाठी रॉड, रीळ, तंगूस काय घेऊ? (ऑस्टिन, टेक्सस)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा फेब्रुवारीअखेर अलिबागहून आमच्याकडे आलेत, ऑगस्टपर्यंत राहतील. वय ७१. गुडघे दुखतात आणि उजव्या हाताचा अंगठा सांध्यात धरतो. पण गरवायला (गळ टाकून मासे धरायला) जायचं म्हटलं की पहाटे पाचला चहा पिऊन दारात उभे! आयुष्यभर त्यांनी खाडीवर नुसता तंगूस (गळाची दोरी) हातात धरून मासे काढलेत. जिताडा, तांबोशी, खरबा, जे लागेल ते. रॉड आणि रीळ त्यांनी कधी वापरलेलं नाही.

मी दोन वर्षांपासून लार्जमाउथ बासच्या (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) नादी लागलोय. माझ्याकडे १० फुटी सिट-ऑन-टॉप कयाक (वर बसून वल्हवायची अरुंद होडी) आहे. बाबांना त्या गुडघ्यांनी कयाकमध्ये बसवायचं नाही हे घरात ठरलंय. म्हणून बेत असा: ब्रशी क्रीक लेकला किंवा डेकरला (वॉल्टर ई. लाँग लेक) जायचं, बाबा काठावर खुर्ची टाकून बसतील, मी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात पाण्यात राहीन.

आता अडचण. मागच्या वर्षी एका दुकानात विचारून सामान घेतलं. विक्रेत्यानं ७ फूट ३ इंची हेवी रॉड आणि बेटकास्टर रीळ गळ्यात मारलं, "बास म्हणजे हेच लागतं" म्हणून. रीळ फिरताना अंगठ्यानं दाबून वेग आवरावा लागतो, तो मला आत्ता कुठे जमायला लागलाय. परवा मागच्या अंगणात बाबांच्या हातात दिलं. पहिल्याच फेकीला रिळात पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता झाला. बाबा काही बोलले नाहीत. खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि नखानं एकेक पदर सोडवत बसले. पाऊण तास लागला, पण कात्री लावू दिली नाही. जाळं सांधायची बोटं ती. पण अंगठा चोळत होते हे मी पाहिलं. ते रीळ त्यांच्यासाठी नाही.

दुसरं, गेल्या ऑक्टोबरात माझी एक रॉड कयाकवरून गेली. मांडीवर ठेवून पाणी पीत होतो, आमिष हायड्रिला नावाच्या पाणगवतात अडकलं, वाऱ्यानं कयाक सरकली आणि रॉड पाण्यात. १२ फूट पाणी, खाली सगळं गवत.

तर प्रश्न असे:

काठावरच्या माणसाला आणि कयाकवाल्याला एकाच जातीचं सामान चालेल का? म्हणजे एकाचं बिघडलं तर दुसऱ्याचं वापरता येईल. बाबांना नायलॉनचा साधा तंगूस द्यावा की ब्रेड (अनेक धाग्यांचा विणलेला तंगूस)? सुरुवातीला कोणती आमिषं, किती? तीन तोंडी गळ असलेली आमिषं मला कयाकमध्ये धास्तीची वाटतात, आणि काठावर नातू आजोबांच्या मागे मागे असतो. एकूण २५० डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे. बेटकास्टर मी माझ्याकडे ठेवीन.

आणि बाबांच्या मासेमारीच्या लायसन्सचं काय करायचं?

प्रतिसाद – मोरीचा_मासा (डॅलस)

दोघांनाही स्पिनिंग रॉड-रीळ घ्या, डोळे मिटून. ६ फूट ६ इंच ते ७ फूट, मीडियम पॉवर (मध्यम ताकदीची), फास्ट ॲक्शन. फास्ट म्हणजे रॉड फक्त शेंड्याकडे वाकते, त्यामुळे हलकी टोचसुद्धा हाताला कळते. रीळ २५०० साइजचं. अंगठ्याचं कामच नाही, तंगूस तर्जनीवर धरायचा, रिळावरची वायर उघडायची, फेकायचं. पहिल्याच दिवशी जमतं.

काठावर अग्ली स्टिक जीएक्स२ सारखी रॉड चांगली. थोडी जड आहे, पण दगडावर आपटली, गाडीच्या दारात सापडता सापडता वाचली, तरी टिकते. मी गेली सात वर्षं एक वापरतोय. कयाकसाठी जरा हलकी ग्राफाइटची बघा, दिवसभर बसून हात भरून येतो. दोन्ही रिळं मात्र एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे स्पूल (तंगूस गुंडाळलेली फिरकी) एकमेकांना चालतात. २५० मध्ये सगळं बसेल आणि आमिषांना पैसे उरतील.

तंगूस: बाबांना १० पौंडी नायलॉन. ब्रेडला पुढे फ्लुरोकार्बन या वेगळ्या तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, बांधावा लागतो, ती गाठ काठावर सुटली की बाबा अडून बसतील. नायलॉनला गळ बांधायची एक पालोमार गाठ आली की झालं. शिवाय तो ताणला जातो, मासा जवळ येऊन उसळला तर चूक माफ करतो.

ड्रॅग (मासा किती जोरानं ओढला की रीळ तंगूस सोडेल, तो ब्रेक) तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर लावा. १० पौंडी तंगूस असेल तर साधारण अडीच पौंड. सामान मोजायचा हुकाचा काटा घरी असेलच, तो तंगुसाला अडकवून ओढून बघा.

प्रतिसाद – दर्याकाठी (रॅली, नॉर्थ कॅरोलायना)

मोरीचा_मासा, बाकी सगळं मान्य, नायलॉन नाही. दादा, तुमचे बाबा हातावर तंगूस धरून मासेमारी करणारे आहेत ना? मग त्यांचं सगळं कसब बोटाच्या पेरात आहे. आपल्याकडे तंगूस तर्जनीवरून घेतात आणि मासा चाळवायला लागला की आधी बोटाला कळतं, मग डोक्याला. नायलॉन ताणला जातो म्हणजे ती खबर वाटेत विरते. ब्रेड जवळजवळ ताणलाच जात नाही. २० यार्डांवर मासा नुसतं तोंड लावून गेला तरी बोटाला समजेल. त्यांना १५ पौंडी ब्रेड द्या, पुढे ३-४ फूट १० पौंडी फ्लुरोकार्बन. दोन तंगूस जोडायची डबल युनी गाठ घरी तुम्ही आधीच बांधून द्या, दोन जादा लीडर गुंडाळून पिशवीत ठेवा. ज्यांनी पाऊण तास गुंता सोडवला, ते गाठ दोन दिवसांत शिकतील.

आणि त्यांना सांगा, रीळ हातात असलं तरी रिळाच्या पुढचा तंगूस दुसऱ्या हाताच्या बोटावर घ्या. इथले लोकही वजन न लावलेल्या आमिषाला असंच करतात.

आता तुमची कयाक. मी आठ वर्षं कयाकमधूनच गरवते, त्यामुळे थोडं लांबेल.

रॉडची लांबी ७ फुटांच्या खाली नको. मासा कयाकच्या नाकापुढून दुसऱ्या बाजूला पळतो तेव्हा रॉडचा शेंडा नाकापलीकडे नेता आला पाहिजे, नाहीतर तंगूस बुडाला घासून तुटतो. पण मागची मूठ आखूड हवी. लांब मूठ दर वेळी लाइफ जॅकेटमध्ये अडकते. दुकानात खुर्चीवर बसून, जॅकेट घालून रॉड हातात घेऊन बघा. लोक बघतील, बघू देत.

लीश (सामान कयाकला बांधून ठेवायची दोरी) लावाच. रॉड, पक्कड आणि वल्हं, तिन्हीला. मासे सोडवायची लांब नाकाची पक्कड जॅकेटला बांधलेली हवी. जाळीचा दांडा फोमचा घ्या, पडला तर तरंगतो. आमिषांचे डबे दोनच. कयाकमध्ये मागे वळून तिसरा डबा उघडताना माणूस कलंडतो, मी कलंडलेय.

तीन तोंडी गळांची तुमची धास्ती रास्त आहे. सध्या वापरूच नका. पुढेमागे क्रँकबेट (तसे गळ असलेलं टणक आमिष) घेतलात तर पकडीनं गळांचे काटे दाबून सपाट करा. मासा थोडे जास्त वेळा सुटतो, पण बोटात रुतलेला गळ सुखानं निघतो.

टेक्ससात वसंतात वारा असतो म्हणतात. निघताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जा, गरवत गरवत वाऱ्याबरोबर बाबांकडे परत या. उलट केलंत तर दमलेल्या हातांनी वाऱ्याशी भांडत यावं लागतं. आणि वाहत्या पाण्यात कयाकच्या कडेला नांगर बांधू नका, कधीच नाही. लाइफ जॅकेट अंगात, पायाशी नाही.

प्रतिसाद – खारभूमी (पेण)

मी अमेरिकेत कधी आलो नाही, बास पाहिलेला नाही. पण तुम्ही सगळे लिहिताय त्यावरून हा आपल्या जिताड्याचा भाऊबंद वाटतो, निदान स्वभावानं. जिताडा कांदळवनाच्या मुळाशी नाहीतर उघाडीच्या (खाडीच्या बांधातल्या दाराच्या) तोंडाशी दबा धरून असतो, कोळंबी जवळून गेली की मोठ्ठं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. बासही असाच खातो का? तसं असेल तर तुमच्या वडिलांना शिकवायला फार काही नाही. त्यांना फक्त विचारा, "बाबा, इथे जिताडा असता तर कुठे बसला असता?" आणि तिथे टाका.

प्रतिसाद – मोरीचा_मासा (डॅलस)

खारभूमी, अगदी असाच खातो! बुडालेलं झाड, धक्क्याचे खांब, गवताची कड. दबा धरायचा आणि पाण्यासकट ओढायचं. रक्ताचं नातं नाही, पण धंदा तोच. दर्याकाठी, बोटाच्या पेराचा मुद्दा पटला. ब्रेड घ्या दादा, माझा शब्द मागे.

आमिषाचं राहिलं होतं. बाबांना एकच गोष्ट द्या: ५ इंची सेंको. मिठानं भरलेला मऊ प्लास्टिकचा गांडूळ, हिरवट भोपळी रंगाचा. मधोमध रबरी रिंग घालून १/० चा गळ रिंगेखाली आडवा लावायचा, वजन काही नाही. फेकायचं आणि काही करायचं नाही. दोन्ही टोकं थरथरवत तो संथ खाली जातो, बहुतेक वेळा मासा त्या पडण्यातच घेतो. रिंग न लावता टोचलात तर दोन माशांत सेंको फाटतो आणि पाकीट संपतं.

गवतात टाकायचं असेल तर तोच सेंको टेक्सस रिगवर: ३/० चा वाकडा गळ, टोक परत प्लास्टिकात लपवायचं, पुढे गोळीच्या आकाराचं १/८ औंसाचं वजन. तुम्हाला कयाकमधून हायड्रिलाच्या कडेनं हेच लागेल. तुमचा बेटकास्टर फुकट गेलेला नाही. त्यावर ५० पौंडी ब्रेड भरा आणि उन्हाळ्यात गवतावरून पोकळ बेडूक (बेडकाच्या आकाराचं आमिष) ओढायला ठेवा. त्याला ती जाड रॉडच लागते.

मार्च-एप्रिलमध्ये काठावरचा माणूस नशीबवान. पाणी १५-१६ अंशांवर गेलं की बास अंडी घालायला उथळात, अगदी काठाशी येतो. बाबांना सांगा, समोर लांब फेकण्याआधी काठाला समांतर टाका, डावीकडे एक, उजवीकडे एक. जूननंतर ऊन चढलं की सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी, मधे घरी.

प्रतिसाद – एकतारी (सॅन अँटोनियो)

लायसन्सचं: बाबांना अनिवासी लायसन्स लागेल. ज्येष्ठांची सवलत फक्त टेक्ससच्या रहिवाशांना आहे. एका दिवसाचंही मिळतं, पण तुम्ही ऑगस्टपर्यंत जाणार, तर वार्षिकच परवडेल. वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, तुमचं बरोबर बसतंय. आणि स्टेट पार्कात काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही. तुमच्या जवळच मॅकिनी फॉल्स आहे, ओनियन क्रीकवर. लायसन्स हातात येईपर्यंत तिथे न्या, सावलीही चांगली आहे.

लार्जमाउथची राज्यातली सर्वसाधारण मर्यादा किमान १४ इंच लांबी, दिवसाला पाच मासे. काही तलावांचे नियम वेगळे असतात, जायच्या आधी राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर त्या तलावाचं नाव घालून बघा. मोजपट्टी बरोबर असू द्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन ७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, दोन सारखी २५०० ची रिळं, १५ पौंडी ब्रेड, लीडर, सेंकोची तीन पाकिटं, रिंगा, दोन प्रकारचे गळ, लीश, पक्कड. २३८ डॉलर झाले. खुर्चीवर जॅकेट घालून रॉड धरून पाहिली, आणि एक लांब मुठीची परत ठेवली.

शनिवारी लायसन्स घेऊन तलावावर गेलो. खारभूमींचा प्रश्न बाबांना जसाच्या तसा विचारला. त्यांनी पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लव्हाळ्यांच्या एका फटीकडे बोट दाखवलं. मी तिथे कधी टाकलं नव्हतं, कारण पाणी जेमतेम अडीच फूट. तिसऱ्या फेकीला त्यांनी बोटावरचा तंगूस किंचित उचलला, थांबले, आणि मग रॉड. मी ४० फुटांवर कयाकमध्ये होतो, मला काहीच दिसलं नव्हतं. १३ इंच भरला. पट्टीवर ठेवून दोनदा मोजला. "एका इंचासाठी सोडायचा?" म्हणाले, पण स्वतःच ओल्या हातानं पोटाखाली धरून सोडला आणि तो दिसेनासा होईपर्यंत वाकून बघत राहिले.

एक नवी अडचण. दोन तासांनी बाबांच्या तंगुसाला इतका पीळ पडला की रिळावरून वेटोळीच्या वेटोळी सुटायला लागली. नातू रीळ फिरवत बसला होता, त्यानं झालं का? की सेंकोनंच? काढायचा कसा? रविवारी परत जायचंय.

प्रतिसाद – दर्याकाठी

दोन्हींमुळे. आडवा लावलेला सेंको ओढताना गरगरतो. शिवाय नातवासारखं नुसतंच रीळ फिरवलं, किंवा फेकल्यावर रिळाची मूठ फिरवून वायर बंद केली, की दर वेळी तंगूस थोडा ढिला राहतो आणि पुढे त्याचं वेटोळं होतं. वायर हातानं बंद करायची, तंगूस एकदा बोटानं ताणायचा आणि मगच रीळ फिरवायचं. पाण्यातून आमिष परत आणताना सावकाश आणा.

पीळ काढायला तुमची कयाक कामाची. आमिष, गळ सगळं काढून टाका, नुसता तंगूस ५० यार्ड मागे सोडून पाचेक मिनिटं वल्हवा. सुटं टोक पाण्यात फिरत राहतं आणि पीळ आपोआप निघतो. मग ओल्या फडक्यातून धरून रिळावर घ्या. रविवारी बाबांच्या खुर्चीसमोरूनच वल्हवा, म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांनाही दिसेल.